निळा टिपका

१

रविवारी सकाळी स्वयंपाक उरकून समिधा सायकल अंगणात काढायची, तेव्हा सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. आणि दर रविवारी एकच प्रश्न यायचा.

"टिपका लावलास का गं?"

टिपका म्हणजे हँडलवर बसवलेलं ते काळं यंत्र. आकाराने दोन काडेपेट्यांएवढं. ते नकाशावर पुढचा रस्ता दाखवायचं, आपण कुठून कुठे गेलो त्याची निळी रेघ काढून ठेवायचं, आणि समिधाच्या खिशातल्या फोनमधून घरच्यांच्या फोनवर एक निळा टिपका पाठवायचं. टिपका सरकला म्हणजे समिधा सरकली, टिपका थांबला म्हणजे समिधा थांबली. नवऱ्याने, साईनाथने, ते तिला पाडव्याची ओवाळणी म्हणून दिलं होतं. ओवाळणी कसली! गुराला दावं बांधतात तसलाच प्रकार होता तो. फक्त दावं लांब होतं आणि त्याला चार्जिंग लागायचं.

कर्जतला माहेरी समिधा शाळेत असल्यापासून डोंगरात सायकल घालत होती. आता खालापूरच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, अख्खं मैदान तिच्या एका शिट्टीवर पळायचं. पण लग्न होऊन लोधिवलीला आल्यावर सून एकटी रानात सायकल फिरवते म्हटल्यावर घरात जे रण पेटलं, ते शेवटी या यंत्रावर येऊन मिटलं. "तो टिपका चालू ठेव नि मंग जा कुटं जायचं तितं," असं सोनुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जाहीर केलं. समिधा दात-ओठ खाऊन कबूल झाली. आठवड्याचे सहा दिवस ती शाळेची आणि घराची होती. रविवारची सकाळ तिची स्वतःची होती, आणि ती सोडायला ती मेली तरी तयार नव्हती.

त्या रविवारी भातं कापून झाली होती. चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागून मग ती डावीकडे मातीच्या वाटेला वळली, शेतांच्या बांधावरून, हिरडेवाडी या ठाकरांच्या वाडीमागून चढ चढत खिंडीत पोचली. खिंडीत एक जुना हिरडा आहे. त्याच्या बुंध्याशी दगड रचलेले, बसायला बरे. तिथे बसून पाणी प्यायचं, चिक्की खायची आणि उतरायचं, हा तिचा ठरलेला क्रम.

सायकल थांबली की यंत्र आपलं घड्याळ आपोआप थांबवतं. चाकं फिरली की पुन्हा चालू करतं. त्या दिवशी सायकल हिरड्याला टेकवून ती बसली, अर्धी बाटली संपवली आणि सहज मान वर केली तर यंत्र थांबलंच नव्हतं. वेगाच्या चौकोनात चार आकडा होता. मग तीन झाला, मग परत चार.

चार म्हणजे माणूस चालतो तो वेग. सायकल झाडाला टेकलेली, ती दगडावर बसलेली. "वर फांद्या दाट आहेत, उपग्रह नीट दिसत नसतील," असं म्हणून तिने चिक्कीचा कागद खिशात टाकला आणि ती निघाली.

२

घरी आली तेव्हा साईनाथ फोन हातात घेऊन ओटीवरच उभा होता. तो खालापूरजवळच्या एका गोदामात सुपरवायझर होता. माल कुठे आहे हे दिवसभर पडद्यावर बघायची सवय, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते खरं, यावर त्याची कायमची श्रद्धा बसली होती.

"त्या झाडापासून खाली कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"कुठल्या झाडापासून?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिची निळी रेघ खिंडीपर्यंत नीट आली होती. हिरड्याशी तिला एक फाटा फुटला होता. तो फाटा वाट सोडून खालच्या ओहोळाकडे उतरत गेला होता, तळाशी त्याचा एक बारीक गुंता झाला होता, आणि पुन्हा तिथूनच वर हिरड्याशी येऊन तो मुख्य रेघेला मिळाला होता.

"मी नाही गेले तिथे," समिधा म्हणाली. "तिथून उतरायला वाटच नाही. नुसती कारवी आहे आणि खाली रानकेळी."

"मग हे काय?"

"यंत्राची चूक."

साईनाथ हसला. वाईट हसला नाही, तिची कीव आल्यासारखा हसला, आणि तेच जास्त झोंबलं. "अगं, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय पडलंय?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंत?"

सोनुबाईंनी सूप खाली ठेवलं. "अगं, तिकडं कळंबच्या बाजूला कायकाय फार्महाऊसं झालीत हल्ली. लोक नाय नाय ते बोलतात. आमी काय इचारायचं बी नाय का?"

समिधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत या घरात तिने कधी पगार लपवला नाही, कधी माहेरी चुगली केली नाही, एकही खोटं तिच्या तोंडून गेलं नाही. आणि आज एका दीडदमडीच्या डबीने रेघ मारली म्हणून तिने ओहोळात कोणाला भेटायला उतरल्याचा जाब द्यायचा! तिने सायकल पडवीत इतक्या जोरात ढकलली की घंटी आपली आपणच वाजली. न्हाणीघरात जाऊन तिने डोक्यावर गार पाणी ओतलं, तरी कानशिलं तापलेलीच होती.

अंग पुसताना तिला तो गुंता आठवला. त्या गुंत्यात एकावर एक पडलेली पुष्कळ वळणं होती. कोणीतरी एवढ्याशा जागेत फेऱ्या मारत, वाट बघत राहिल्यावर काढावीत तशी.

३

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने यंत्राच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा लाईनवर आला. तिने सगळं सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं, आणि राइडची फाईल मागवून घेतली.

"मॅडम, डिव्हाइस एकदम ओके आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "सिग्नल भटकला की रेघ उड्या मारते. इथे उड्या नाहीत. स्मूथ आहे. तुम्ही तिथे चालत गेला आहात."

"मी गेलेले नाही, हेच तर सांगतेय मी मघापासून!"

"मॅडम, तुमचे हार्टबीटसुद्धा आहेत त्या भागात."

समिधा चढाच्या वेळी छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधायची. यंत्र ते ठोके टिपून घ्यायचं. तिने संगणकावर आलेख उघडला. चढावर तिचे ठोके उंच गेले होते. हिरड्याखाली बसल्यावर ते हळूहळू उतरायला हवे होते. पण जिथे फाटा सुरू झाला तिथे आलेख एकदम खाली पडला होता आणि सपाट झाला होता. शून्य नव्हतं ते. ठोके होते, संथ, एकसारखे. चालणाऱ्या माणसाचे ठोके असे नसतात. गाढ झोपलेल्याचे असतील कदाचित. फाटा वर येऊन मिळाला तिथे पुन्हा तिचे स्वतःचे, जलद ठोके सुरू झाले होते.

"हे माझे ठोके नाहीत," ती म्हणाली.

"मॅडम, अकाउंट तुमच्या नावावर आहे," तो मुलगा म्हणाला. "तुम्हाला आणखी काही मदत करू शकतो का?"

तिने फोन आपटायचाच बाकी ठेवला. नवरा म्हणतो तू गेलीस, सासू म्हणते तू गेलीस, आता एक अनोळखी पोरगा कुठल्यातरी गार खोलीत बसून सांगतो की तू गेलीस! स्वतःच्या पायांबद्दल बोलायचा हक्क एकट्या तिलाच नव्हता. शिपायाने घंटा दिली तरी ती मुठी वळून खुर्चीत बसून राहिली. मुलं मैदानावर वाट बघत होती.

४

पुढच्या रविवारी ती पुरावा घेऊनच यायचं ठरवून निघाली. छातीचा पट्टा मुद्दाम घरी खुंटीला अडकवून ठेवला. "चला तुम्ही पण," असं तिने साईनाथला म्हटलं होतं. "मोटरसायकलवर या मागून. बघा डोळ्यांनी."

"मी इथूनच बघतो ना," तो म्हणाला आणि त्याने फोनवर बोट ठेवलं.

हिरड्याखाली त्या दिवशी कोणीतरी होतं. हिरडेवाडीची पारू लाकडाची मोळी उतरवून बसली होती. समिधाची तिची तोंडओळख होती. पारूने चिक्कीचा तुकडा घेतला, समिधाने तिच्याकडून बोरं घेतली. पारूच्या मुलीचं नाव समिधाच्याच शाळेत होतं, त्यावर थोडं बोलणं झालं. मग पारू उठली, मोळी डोक्यावर घेतली, झाडाला पाठ केली आणि चालायला लागली. पाच-दहा पावलांवर गेल्यावर, मागे न बघता, तिने मोठ्यांदा हाक मारली.

"चल गं पारू, घरा चल!"

समिधाला हसू आलं. "स्वतःलाच बोलावतेस होय?"

"मंग!" पारूही हसली, पण मागे वळली नाही. "इतं बसलं का निगताना बोलवायचं. माजी आय बोलवायची, आजी बोलवायची. न्हाय तर थोडं ऱ्हातं म्हनं मागं."

"काय राहतं?"

"मला काय ठावं बाय! सवय हाय." आणि ती उतारावरून दिसेनाशी झाली.

समिधाने यंत्राकडे पाहिलं. वेग चार.

तिने फोन काढला. सायकल झाडाला टेकलेली, यंत्रावर चारचा आकडा, आणि स्वतःचा चेहरा, असे एकापाठोपाठ एक फोटो घेतले. मग नकाशाचं पान उघडलं. सायकल हिरड्याला टेकलेली असताना पडद्यावरचा बाण हिरड्यापासून दूर जात होता, खाली, ओहोळाकडे. यंत्राने टीं टीं करून सांगितलं की तुम्ही मार्ग सोडला आहे.

"मी नाही सोडला!" ती यंत्रावर ओरडली.

मग तिने पान बदललं, आणि ठोक्यांच्या चौकोनात आकडा दिसला. पट्टा घरी खुंटीला होता. आकडा संथ होता, एकसारखा होता, आणि तो बंद होत नव्हता.

ती कड्याच्या टोकाशी गेली, खाली बघितलं. भर दुपारची वेळ जवळ आली होती, उन्हात प्रत्येक पान वेगळं दिसत होतं. कारवीचं रान, खाली रानकेळीची मोठी पानं, त्यांच्यामध्ये ओहोळाचं पाणी चकाकत होतं. वारा नव्हता. सगळं रान स्तब्ध होतं, आणि रानकेळीचं एकच पान हलत होतं. ते थांबलं की त्याच्या शेजारचं हलायचं. मग त्याच्या पलीकडचं. मग परत पहिलं.

डुक्कर असेल, ती स्वतःला म्हणाली. नाहीतर माकड. तिने त्याचाही फोटो काढायला हवा होता. पण ती सायकलवर बसली आणि उतारावर एकदाही ब्रेक न लावता खाली आली.

५

"फोटो काय, कधीही काढता येतात," साईनाथ म्हणाला.

"कधीही? अहो, त्यावर वेळ आहे!"

"आणि रेघेवर वेळ नाही का? ही बघ रेघ. झाडाखाली फोटो काढलेस, मग खाली उतरलीस, मग वर आलीस. त्यात काय सिद्ध झालं?"

पट्ट्याबद्दल तिने सांगितलं तेव्हा त्याने तो खुंटीवरून काढून हातात फिरवला. "बिघडला असेल," तो म्हणाला. म्हणजे यंत्र त्याच्या बाजूने बोललं की खरं, आणि तिच्या बाजूने बोललं की बिघडलेलं! समिधाला रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला भयंकर संताप आला. मैदानावर तिच्या शब्दावर पोरं भिंतीवर धडकतील, आणि आपल्या घरात तिच्या शब्दाला एका टिपक्याएवढीही किंमत नव्हती.

"हे बघ," साईनाथ शेवटी म्हणाला, "पुढच्या रविवारी रेघ सरळ आली तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर सायकल माळ्यावर जाईल. आईलाही झोप लागत नाही."

ओटीवरून सोनुबाईंनी हुंकार भरला.

गुरुवारी शाळा सुटून समिधा घरी आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. सासूबाई शेजारी हळदीला गेल्या होत्या. तिने चहा ठेवला आणि यंत्र चार्जिंगला लावून चालू केलं. चालू झालं की आधी ते आपण जगात कुठे आहोत ते शोधतं. ते शोधत राहिलं. चहाला उकळी आली. मग बाण उमटला.

नकाशावर लोधिवली नव्हती. नकाशावर खिंड होती आणि बाण हिरड्याखाली होता.

जुनी जागा लक्षात ठेवली असेल, ती म्हणाली. यंत्रं ठेवतात लक्षात. तिने ते खिडकीत नेऊन धरलं, अंगणात नेऊन धरलं. बाण तिथेच. तिने पान बदललं, ठोक्यांचं पान आलं. पट्टा खुंटीला लटकत होता, कोरडा, पांढऱ्या घामाचे डाग पडलेला. पडद्यावर आकडा होता. संथ, एकसारखा.

तिने दोन बोटं आपल्या मनगटावर ठेवली. तिचे ठोके घोडा उधळावा तसे पळत होते. पडद्यावरचे तिचे नव्हते. चहा उतू जाऊन शेगडी विझली, गॅसचा वास स्वयंपाकघरभर झाला, तेव्हा कुठे ती भानावर आली. गॅस बंद करून तिने यंत्र तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि झाकण दाबून लावलं. मग स्वतःचीच लाज वाटून परत काढलं.

"घाबरून सायकल माळ्यावर टाकू?" ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यांदा म्हणाली. "एका डबीला घाबरून?"

६

रविवारी टिपका लावून ती निघाली ती तणतणतच. चौकच्या बाजारातून जाताना कोणीतरी "नमस्कार मॅडम" म्हटलं, तिने मानही हलवली नाही. आज हिरड्याखाली थांबायचंच नाही, सरळ खिंड ओलांडून उतरायचं, म्हणजे रेघ सरळ येईल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा तिचा बेत होता. पण चढ चढता चढता तिला तो बेतही अपमानास्पद वाटायला लागला. का म्हणून थांबायचं नाही? तिचं झाड, तिचं पाणी, तिची चिक्की. रेघ सरळ यावी म्हणून तिने तहानेने मरायचं?

ती थांबली. सायकल टेकवली. बसली. पाणी प्यायली.

वेग चार.

आज बाण भराभर खाली गेला, जणू वाट पाठ झाली होती. तळाशी पोचला आणि गुंता घालू लागला. समिधा बघत राहिली. तिच्या नावावर, तिच्या खात्यात, तिच्या वेळात कोणीतरी फेऱ्या मारत होतं, आणि त्याची शिक्षा ती भोगत होती. आठवड्याची एक सकाळ तिने मागितली होती. एकच! तीही आता खाली जे काही होतं ते घेऊन जाणार होतं.

ती उठून कड्यावर गेली. पारूची गंमत आठवली, आणि तोंडाला येईल तितक्या कुचकटपणे, घशाच्या शिरा ताणून, थेट खाली ओहोळात बघत ती ओरडली:

"समिधा! ए समिधा! चल घरी! ये, जाब दे घरच्यांना!"

खाली हलणारं पान थांबलं.

हिरड्यावर कुठेतरी एक पाखरू किरकिरत होतं, तेही थांबलं. मग तिच्यामागे यंत्र वाजलं, एकदाच, मार्ग सापडला की वाजतं तसं. तिने वळून पाहिलं. बाण ओहोळातून वर येत होता.

कारवीची सुकी पानं चुरगळल्याचा आवाज येऊ लागला. पावलापावलाने येत होता तो, घाई नसलेला, नेमका. ती कड्यावरून मागे सरकली. आवाज कड्याशी आला, वर आला, आणि माती जिथे उघडी होती तिथे बंद झाला. काहीही वर आलेलं दिसलं नाही. मातीवर ऊन पडलेलं होतं, उन्हात काहीही नव्हतं.

मग दुसरा आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक. पायडल न मारता सायकल उतारावर सोडली की मागचं चाक करतं तो आवाज. तिच्या सायकलचा हा आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखला असता. तिची सायकल झाडाला टेकलेली होती, चाकं स्तब्ध होती. आवाज तिच्या अगदी बाजूने गेला, इतक्या जवळून की तिने अंग चोरलं, आणि घराच्या वाटेने उतारावर लागून लहान लहान होत गेला.

सायकलपाशी जायलाच तिला वेळ लागला. हँडलवर यंत्राने आपलं घड्याळ थांबवलं होतं. वेग शून्य. पहिल्यांदाच त्याने ऐकलं होतं.

७

तिने सायकल पळवली. दगडांवरून, बांधांवरून, डांबरावर. छाती फुटेपर्यंत ती पायडल मारत होती आणि यंत्रावर शून्यच होतं. बाण हिरड्याखाली होता. यंत्राच्या लेखी ती अजून तिथेच दगडावर बसलेली होती.

चौकच्या अलीकडे तिने फोन काढून घरच्यांना दिसतो तो नकाशा उघडला. निळा टिपका चौक ओलांडून गेला होता. तिच्या पुढे, तिच्यापेक्षा वेगात, तो जुन्या हायवेने लोधिवलीकडे चालला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो गावाच्या रस्त्याला वळला, मारुतीच्या देवळापाशी जरा हळू झाला, जसं तीही तिथे स्पीडब्रेकरसाठी हळू व्हायची, आणि घरावर जाऊन थांबला.

तिने साईनाथला फोन लावला.

"अहो, दार लावून घ्या! जे कोणी आलंय त्याला आत घेऊ नका, मी पोचतेच आहे!"

"अगं, आत बसून फोन काय करतेस?" तो हसत म्हणाला. मागे कपबशीचा आवाज आला. "आई म्हणतेय, आज रेघ कशी सुतासारखी सरळ आली बघ. मीपण उगाच बोललो तुला." आणि त्याने फोन ठेवला.

अंगणात शिरली तेव्हा तिची सायकल उभी करायची जागा रिकामी होती. तिथून ओटीच्या पायरीपर्यंत चाकाचा ओला, लाल मातीचा पट्टा उमटला होता. सोनुबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून समिधाकडे पाहिलं, शेजारी ठेवलेल्या फोनकडे पाहिलं, परत समिधाकडे पाहिलं.

"कोन हाय गं बाय?" त्या म्हणाल्या. "कुनाकडं आलीस?"

"आई, थट्टा पुरे!"

सोनुबाई घाबरून मागे सरकल्या. "साईनाथ, अरं बघ रं, ही कोन आलीय."

साईनाथ मधल्या खोलीतून बाहेर आला आणि ओटीच्या ग्रिलच्या दारात उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून समिधाला मधली खोली दिसत होती, आणि तिच्या पलीकडे स्वयंपाकघराचा दरवाजा. तिथे कोणीतरी पाटावर बसलं होतं, पाठमोरं. अंगात पिवळा टी-शर्ट, पाठीवर धुऊन धुऊन विटलेली शाळेच्या क्रीडादिनाची अक्षरं, जी समिधाच्याही पाठीवर आत्ता होती. वेणीत कारवीचं पान अडकलेलं. दुमडलेले पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने काळे. दोन्ही हातांनी कळशी तोंडाला लावली होती आणि गटागट पाणी पिणं चाललं होतं. ते थांबत नव्हतं. श्वास घ्यायलाही थांबत नव्हतं.

"अहो, तिकडे बघा! तुमच्या मागे बघा!" समिधाने ग्रिल दोन्ही हातांनी धरून हलवलं. "ती मी नाही! मी समिधा! मी!"

साईनाथने मागे बघितलं नाही. त्याला गरज वाटली नाही. त्याने फोन वळवून तिच्यापुढे धरला, आणि अनोळखी बाईमाणसाशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाला, "ताई, तुमची काहीतरी चूक होतेय. माझी बायको घरात आहे. हे बघा." निळा टिपका घराच्या मधोमध होता. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

समिधाने तोंड उघडलं. गेल्या दोन आठवड्यांत या माणसाला सुनवायचं म्हणून जे जे तिने मनात रचून ठेवलं होतं, ते सगळं घशाशी आलं, आणि त्यातलं एकही वाक्य तिच्या उपयोगाचं नव्हतं. त्याने आईला आत घेऊन आतलं लाकडी दार ओढून घेतलं. कडी लागली.

उन्हात अंगण तापलं होतं. सायकलवर यंत्र तसंच होतं, घड्याळ थांबलेलं, बाण हिरड्याखाली. दारामागून सोनुबाईंचा आवाज आला, इतका मऊ आवाज त्यांनी समिधाशी बोलताना कधीच काढला नव्हता: "असूदे बाय माजी, तू पी पानी. दमलीस."

पाणी पिण्याचा आवाज थांबला. कळशी फरशीवर टेकली. मग समिधाचाच आवाज आला, अगदी तिचाच, फक्त त्यात कसलाही राग नव्हता.

"कोण होतं हो?"

"कोणी नाही गं," साईनाथ म्हणाला. "रस्ता चुकलीय कोणीतरी."